पलूसचे अमेरिकन वकील

साहेब मिशी काढून कोर्टात आले त्या दिवशी निम्म्या पलूसनं त्यांची आई गेली असं धरलं. आमच्या भागात माणूस उगाच मिशी काढत नाही. आई नाहीतर बाप गेला तरच ती उतरते. दुपारपर्यंत साहेबांच्या घरापुढं माणसं जमली. कुणी टॉवेलानं डोळे पुसत आलेलं, कुणी बायकोला सोबत घेऊन आलेलं. आणि दारात बघतात तर साहेबांची आई पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली.

पुढं असलेला एक म्हातारा तिला बघून जागीच थबकला.

"बसा की," ती म्हणाली. "कुणाकडं आलायसा?"

"तुमच्याकडंच," म्हातारा म्हणाला, आणि त्यानंही शेंगा फोडायला घेतल्या.

संध्याकाळी खरा प्रकार कळल्यावर तिनं लेकाला उंबऱ्यातच अडवलं. "मी जित्ती असताना मिशी काढलीस. मेल्यावर काय नाक काढणार हायस व्हय रं?"

मिशी जाण्याचं कारण अमेरिकेत होतं. साहेब एका अपिलाच्या कामासाठी पुण्याला गेले होते. तिथं रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. दीडशे वर्षांमागच्या कुणा अमेरिकन वकिलाचं चरित्र. पुढं हा वकील राजकारणातही गेलेला. मुखपृष्ठावर त्याचं चित्र होतं: काळा लांब कोट, जाकिटात अडकवलेले अंगठे, हनुवटीवर दाढी आणि ओठ सफाचट. साहेबांनी ते चित्र एसटीत बसून पलूस येईपर्यंत बघितलं आणि आपण कोण आहोत हे त्यांना कळलं.

त्या माणसाचं नाव मला आजही सांगता येत नाही. ते मी कधी ऐकलं नाही असं नव्हे, दिवसातून कितीदा तरी ऐकलं. पण साहेब ते दर वेळी वेगळं उच्चारायचे. त्यामुळं कोर्टात सगळे त्याला नुसता 'अमेरिकावाला' म्हणत. कारकून, पट्टेवाले, समोरच्या टपरीवरचा चहावाला, सगळ्यांना त्याचं आयुष्य पाठ झालं होतं. शेतकऱ्याचा मुलगा. शाळा बेताची. आधी मास्तरकी केली, मग एका वकिलाच्या कचेरीत बसून कायदा वाचला आणि सनद घेतली. घोड्यावर बसून गावोगावच्या कोर्टांत फिरला. विधिमंडळात निवडून गेला. पुढं त्याचा पक्षच बुडाला म्हणून दुसऱ्या पक्षात शिरला, तिथं हरला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा हरला, न्यायाधीश झाला, आणि आपल्याला राज्याचा गव्हर्नर करायला हवं होतं असं म्हणत म्हणत वारला.

माझ्या मते तो अगदी मध्यम प्रतीचा माणूस असावा. त्याच्या स्वतःच्या गावातही त्याला आज कुणी ओळखत नसेल. पण साहेबांनी त्याला पलूसला आणून अमर केलं. साहेबांकडं घोडा नव्हता, एक जुनी स्कूटर होती. ती घोड्यासारखीच वाटेत अडून बसायची. काळा कोट मात्र त्यांनी तसाच लांब शिवून घेतला, आणि तो ते मे महिन्यात, लग्नात आणि उसाला पाणी पाजतानाही घालायचे.

मी मूळची कोरेगावची. साताऱ्याला कायदा शिकले आणि लग्न होऊन पलूसला आले. नवरा सैन्यात, सुट्टीपुरता घरी यायचा. शिकलेली सून घरात बसवून ठेवू नये असं सासऱ्यांनाच वाटलं आणि त्यांनीच मला साहेबांच्या कचेरीत नेलं. साहेबांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "पोरी, कायदा कशाला शिकलीस?"

"वकिली करायला."

"चूक. भाषण करायला. वकिली म्हणजे खोलीतलं भाषण आणि राजकारण म्हणजे मैदानातलं. बाकी सगळी हमाली."

हमाली अर्थात माझ्याकडं आली. दावे मी लिहायचे, तारखा मी घ्यायच्या, पक्षकारांना चहा मी सांगायचा. साहेब उभे राहून बोलायचे. खुश असले की मला 'पोरी' म्हणायचे आणि रागावले की 'बाईसाहेब'. भाषण तोडलं की रागवायचे. एरवी माणूस रागीट नव्हता.

कोटाच्या डाव्या खिशात सांगलीचं भडंग असायचं. विरुद्ध बाजूचा वकील बोलायला लागला की साहेबांचा हात खिशात जायचा. एकदा न्यायाधीशांनी हटकलं, "वकीलसाहेब, हे काय चाललंय?"

साहेब उठले, कोटावरचा चुरमुरा झटकला आणि म्हणाले, "माफी असावी. विद्वान मित्रांचा युक्तिवाद फार मिळमिळीत आहे. तोंडाला चव राहावी म्हणून खातोय."

न्यायाधीशांना हसू आवरलं नाही. साहेबांचं अनेकदा असंच निभावायचं. कायद्याचा मुद्दा हुकला तरी कोर्ट हसलेलं असायचं, आणि पक्षकार बाहेर येऊन सांगायचा, "निकाल इरुद्ध गेला, पर साहेब काय बोलला, गड्या! लय भारी!"

राजकारणात मात्र हसून भागत नाही. साहेब ग्रामपंचायतीला पडले, कारखान्याच्या संचालकपदाला पडले, वकील संघटनेच्या अध्यक्षपदालासुद्धा पडले. तिथं तर मतदार बोटांवर मोजण्याएवढे, आणि सगळ्यांनी आदल्या दिवशी साहेबांकडं जेवून तोंडभर शब्द दिलेला. प्रत्येक पराभवानंतर साहेब आभारसभा घ्यायचे. निवडून आलेला उमेदवार गुलालात लोळून घरी जाऊन झोपायचा आणि पडलेले साहेब चौकात दीड तास मतदारांचे आभार मानायचे. न दिलेल्या मतांबद्दल एवढे आभार मानणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

पक्षही त्यांनी बरेच बदलले. कचेरीत खुर्चीच्या मागं भिंतीवर एक खिळा होता. त्यावर त्या त्या वेळच्या नेत्याचा फोटो असायचा. पक्ष बदलला की फोटो उतरून कपाटामागं जायचा आणि नवा चढायचा. कपाटामागं सर्व पक्षांचे नेते एकमेकांना टेकून गुण्यागोविंदानं उभे होते. कुणी टोचून बोललं तर साहेब शांतपणे सांगायचे, "अमेरिकावाल्यानं पक्ष सोडला तवा पक्षच बुडाला हुता."

"मग तुमचा कुठं बुडलाय?"

"बुडंल. मी गेल्यावर."

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पण साहेबांची चूल ज्या कामावर चालायची ते काम हसण्यासारखं नव्हतं. साहेब हक्कसोडपत्रांचे वकील होते. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाच्या नावे सोडून द्यायचा, त्याचा तो कागद. दिवाळीला लेकी माहेरी आल्या की भाऊबीज उरकून भाऊ त्यांना घेऊन कचेरीत यायचे. अंगावर नवी साडी, हातात लाडवाची पिशवी, आणि चेहरा असा की डॉक्टरकडं आणलंय की देवळात हेच कळत नाही. साहेब त्यांना 'ताई', 'आक्का' म्हणून बसवायचे. खास चहा सांगायचे.

"ताई, जमीन काय, आज हाय उद्या न्हाई. माहेर मातूर तुटू नये. तुमी राजीखुशीनं आलायसा न्हवं?"

बाई भावाकडं बघायची.

"तिकडं न्हाई, माझ्याकडं बघून सांगा. राजीखुशीनं?"

"व्हय."

"कुणाचा दाब?"

"न्हाई."

"झालं तर!" साहेब खुश. दाब नाही हे असं भावाच्या समोर, भावाच्या गाडीतून आणून, भावानं घेतलेल्या साडीत वदवून घेतलं जायचं. एकदा एका पोरसवद्या बाईनं विचारलं, "सही न्हाई केली तर?" साहेब तिच्याकडं मायेनं बघत म्हणाले, "काय न्हाई. पुढच्या दिवाळीला तू तुझ्या घरी, भाऊ त्याच्या घरी." तिनं सही केली. जाताना लाडवाची पिशवी मात्र कचेरीतच विसरून गेली. साहेबांनी तिच्या मागं माणूस धाडला, तर ती म्हणाली, "राहू द्या."

साहेबांची आई पुढं खरोखरच गेली. वय झालं होतं, झोपेतच गेली. घरापुढं माणसं आली, पण या वेळी जरा बिचकत आली, आधी दारात डोकावून. नदीवर न्हाव्यानं साहेबांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला आणि ओठापाशी येऊन तो थांबला. काढायला तिथं काही नव्हतं. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा वाटला. ते रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे.

त्या दहा-बारा दिवसांत मी त्यांच्या बहिणीला पहिल्यांदा नीट बघितलं. ती साहेबांहून मोठी. सगळे तिला आक्का म्हणत. जतकडं दिलेली. तिकडं पावसावरची ज्वारी, चार शेळ्या आणि उन्हाळाभर टँकरची वाट. तिकडच्या राहणीनं बोलण्यात कानडी हेल आलेला. नवरा लवकर वारला होता आणि मुलगा पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होता. पलूसच्या घरची जमीन मात्र कॅनॉलखालची, काळी, ऊस उभा राहिला की आतला माणूस दिसू नये अशी. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, साहेबांचं आणि आक्काचं अशी तिन्ही नावं लागली होती. आता आई गेली. साहेबांनी तेराव्यानंतरच मला सांगितलं, "आक्काच्या हक्कसोडीचा मसुदा करून ठेव. दिवाळीला येईल तवा सही घेऊ."

दिवाळीला आक्का आली नाही. शेळी व्यायली म्हणाली. पुढच्या दिवाळीला तिचा पाय मुरगळला. साहेबांना वाटलं बहिणीचं नशीबच वाईट. मला मात्र वाटायला लागलं होतं की ही बाई फार विचार करून आजारी पडतेय.

अशात पंचायत समितीची निवडणूक आली. साहेब नव्या पक्षातून उभे राहिले, खिळ्यावर नवा फोटो चढला. या वेळी कुणीतरी त्यांना सांगितलं की बायकांची मतं निर्णायक आहेत. झालं, साहेबांनी महिला मेळावा घेतला. मंगल कार्यालय खचाखच भरलं. हळदीकुंकू, वाण म्हणून स्टीलचा डबा, आणि मागं साहेबांचा अंगठे अडकवलेला भला मोठा फोटो. आक्काला मुद्दाम गाडी पाठवून जतहून आणलं होतं. सभेच्या शेवटी तिनं भावाला ओवाळायचं आणि त्याचा व्हिडिओ घ्यायचा असा बेत होता. साहेबांनी दिलेली पैठणी नेसून ती पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारी मी.

साहेबांचं भाषण त्या दिवशी खरंच अप्रतिम झालं. हे मी उपरोधानं म्हणत नाही. त्यांच्या आवाजात एक खोल घुमारा होता, तो त्या दिवशी पुरेपूर लागला. "बापाच्या जमिनीवर लेकीचा लेकाएवढाच हक्क हाय!" ते म्हणाले. "ही भीक न्हवं, ओवाळणी न्हवं, हक्क हाय! साडी देऊन शेत घेणारा भाऊ, भाऊ न्हवं, व्यापारी हाय!" बायका आधी दबकत, मग जोरजोरात टाळ्या वाजवायला लागल्या. त्यातल्या कितीतरी जणी साहेबांच्याच कचेरीत सही करून गेल्या होत्या. मला त्यांचे चेहरे ओळखू येत होते. त्या सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या.

टाळ्या थांबल्या आणि आक्का उभी राहिली. साहेबांना वाटलं ती ओवाळायला उठली. त्यांनी ताट आणायची खूण केली.

"गुंड्या," आक्का म्हणाली. माईक नव्हता, पण जतच्या माळावर शेळ्यांना हाका मारलेला आवाज तो, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "लय झ्याक बोललास बघ. आई असती तर दृष्ट काढली असती. आता एवढं सांग, माझा हिस्सा कुठनं कुठवर हाय?"

मागून एक बाई फिसकन हसली आणि मग सगळं कार्यालय हसायला लागलं. गावानं आजवर साहेबांचं 'गुंड्या' हे नाव ऐकलं नव्हतं.

साहेबांनी अंगठे जाकिटात खोचले. "आक्का, त्याचं कसं हाय... अमेरिकेत एक थोर वकील होऊन गेला..."

"त्याला भन हुती का?"

आता बायकांना हसू आवरेना. साहेब लाल झाले. समोर मोबाईल वर झालेले, एक-दोन नाही, रांगांच्या रांगा. मी त्यांच्या कचेरीत इतकी वर्षं बसले होते, त्यामुळं त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. सभा हातातून निसटत होती. आणि सभा निसटणं हे साहेबांना मरणाहून वाईट. त्यांनी एक हात वर केला, डोळे मिटले, आणि आवाज आणखी खाली नेला.

"मायमाऊल्यांनो, तुमी साक्षीला हायसा. आईच्या माघारी ही माझी आईच. आक्का, इहिरीकडची निम्मी जमीन आजपास्नं तुझी!"

काय टाळ्या पडल्या! एका म्हातारीनं स्टेजवर चढून साहेबांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आक्कानं ओवाळलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी शपथेवर सांगते, ते खरं होतं. त्या क्षणी त्यांनी जमीन दिली होती.

व्हिडिओ त्या संध्याकाळीच तालुकाभर फिरला आणि साहेब जन्मात पहिल्यांदा निवडून आले.

निकालानंतर आक्का कचेरीत आली. साहेबांच्या गळ्यात हार, टेबलावर पेढे, लोक येताजाता पाया पडतायत. गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "चल, कागद करूया."

"कसला?"

"इहिरीकडच्या जमिनीचा."

साहेबांनी पेढा खाल्ला, रुमालानं बोटं पुसली. "आक्का, ते भाषण हुतं."

"म्हंजी?"

"म्हंजी भाषणातलं बोलणं कायद्यात धरत न्हाईत. तुला न्हाई कळायचं. तुझ्या लग्नात आबांनी काय कमी केलं व्हतं? सोनं घातलं, भांडी दिली. दर दिवाळीला साडी नेतीस. आता ही बाई कागद देतीय त्यावर सही कर. राजीखुशीनं."

आक्कानं समोरचे पेढे बाजूला सरकवले. मग माझ्याकडं वळली. "तू बी वकीलच हायस न्हवं?"

"व्हय."

"तुझ्या भावानं मागितली का तुझी सही?"

"अजून न्हाई."

"मागंल," ती म्हणाली. "माझं वकीलपत्र घेतीस?"

साहेब हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी उठले. टेबलावरच्या माझ्या दोन फायली, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली पिशवीत भरली. तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

"बाईसाहेब, इथं शिकून माझ्यावर दावा?"

"साहेब, भाषण तुम्हीच केलंत," मी म्हणाले. "मी समोर बसून ऐकलंय. मला पटलं."

कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली टायपिस्टच्या शेजारी मी टेबल टाकलं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली भाकरी भाजून निघाली असती. पलूसच्या वकील मंडळींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. सासरे मात्र एकदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी एक टेबलफॅन ठेवून गेले.

वाटणीच्या दाव्यात कायदा आक्काच्या बाजूनं सरळ होता. हे साहेबांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी कायद्याला हातच लावला नाही, तारखा लावल्या. कधी त्यांची कंबर धरायची, कधी पंचायत समितीची बैठक निघायची. आक्का दर तारखेला पहाटेची एसटी धरून जतहून यायची, माझ्या टेबलाखाली चपला काढून ठेवायची, पदर डोक्यावर घेऊन बाकावर बसायची आणि पुढची तारीख घेऊन जायची. साहेब समोरून जाताना न चुकता थांबून विचारायचे, "आक्का, जेवलीस?" तीही सांगायची, "जेवले. तू?" बाहेरच्याला वाटावं, दावा दुसऱ्या कुणाचा तरी चाललाय.

आणि बाहेर साहेब भाषणं देतच होते. शाळेत, सत्कारात, बचत गटात. "मी सोता माझ्या भनीला निम्मी जमीन दिली," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. सकाळी जबाबात ती नाकारायची आणि संध्याकाळी सभेत ती द्यायची. दोन्ही ठिकाणी मनापासून. मला वाटतं, ही दोन वेगवेगळी माणसं आहेत हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं.

अखेर एका दिवशी तारीख मिळाली नाही आणि साहेबांना पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. त्यांची उलटतपासणी मी घ्यायची होती. कोर्ट भरलेलं. मागं एक स्थानिक बातमीदार बसलेला, आणि दाराशी मेळाव्याला आलेल्या पाच-सहा बायका पदर खोचून उभ्या.

मी लग्नातल्या सोन्याचं विचारलं, भांड्यांचं विचारलं. साहेब खुशीत उत्तरं देत होते. पिंजऱ्यातही त्यांनी अंगठे अडकवले होते. मग मी विचारलं, "तुम्ही मेळाव्यात जाहीरपणे जमीन दिल्याचं सांगितलंत. निवडून आल्यावरही अनेक सभांत सांगितलंत. आणि जबाबात लिहिलंय की तसं काही दिलेलं नाही. यातलं खरं कुठलं?"

त्यांचे वकील हरकत घ्यायला उठले. मेळाव्यातल्या भाषणाचा वाटणीशी संबंध काय, असं काहीतरी म्हणाले. मुद्दा त्यांचा बरोबर होता. न्यायाधीश विचार करत असतानाच साहेबांनी हात वर केला. "राहू द्या. मी सांगतो."

जबाब खरा म्हणावा तर भाषण खोटं ठरत होतं. तेही बातमीदारासमोर, त्या बायकांसमोर. भाषण खरं म्हणावं तर विहीर जात होती. साहेबांनी दाराकडं बघितलं. त्या बायका त्यांच्याकडंच बघत होत्या. आक्का खाली मान घालून बसली होती. साहेबांचा हात खिशाकडं गेला आणि तिथनं तसाच परत आला.

"भाषण खरं आहे," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगा."

"भाषण खरं आहे!" आणि तो घुमारा पुन्हा लागला. "माझं कुठलंच भाषण खोटं नाही!"

त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. जमिनीपेक्षा या माणसाला भाषण प्यारं होतं. दुसरा कुणीही असता तर 'निवडणुकीत बोलतात तसं बोललो' म्हणून मोकळा झाला असता आणि दावा आणखी पाच वर्षं ओढला असता. साहेबांना ते जमलं नाही. त्याच आठवड्यात तडजोड झाली आणि विहिरीकडची निम्मी जमीन आक्काच्या नावावर चढली. मोजणीच्या दिवशी साहेब उन्हात कोट घालून बांधावर उभे होते आणि खुणेचा दगड इकडं घ्या, तिकडं घ्या म्हणून मोजणीदाराशी भांडत होते. मी कान देऊन ऐकलं तर दगड आक्काच्या बाजूला सरकवा असंही मधूनच म्हणत होते. माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "पोरी, शेवटचा प्रश्न चांगला हुता. तिथं मी बी तेच इचारलं असतं."

मग त्यांनी चौकात फलक लावला. स्वतःचा फोटो, आक्काचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'भगिनीला स्वखुशीने निम्मी जमीन देणारे तालुक्याचे एकमेव नेते'. दाव्याचा उल्लेख अर्थातच नव्हता. मला राग आला. आक्कानं तो फलक मान वर करून नीट बघितला आणि एवढंच म्हणाली, "माझा फोटू जरा काळा आलाय."

पण त्या फलकानं भलतंच काहीतरी केलं. बायका तो वाचायच्या आणि माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या. "नेत्यानं दिली म्हंजी देत्यात की. मग आमच्या दादाला काय झालंय?" हळूहळू माझ्यापुढचं बाक पुरेना. साहेबांच्या कचेरीतलं मात्र ओस पडलं. भाऊ कुठल्या तोंडानं त्यांच्याकडं जाणार? आणि गेले तर साहेब कुठल्या तोंडानं हक्कसोड लिहिणार? पुढच्या निवडणुकीत तालुक्यातल्या भावांनी एक होऊन त्यांना पाडलं. साहेबांनी नेहमीसारखी आभारसभा घेतली. समोर बायकाच होत्या.

गेल्या वर्षी साहेब गेले. थोडक्या आजारात, सांगलीच्या दवाखान्यात. आक्का शेवटपर्यंत उशाशी होती. वकिलांच्या खोलीत शोकसभा ठेवली. तालुक्यातले सगळे पुढारी आले, सगळे वकील आले. कपाटामागच्या फोटोंतले एक-दोघंही प्रत्यक्ष येऊन पहिल्या रांगेत बसले. एकामागून एक उठून सांगत होते, साहेबांनी बहिणीला स्वखुशीनं जमीन दिली, असा भाऊ होणे नाही, त्यांचा आदर्श आपण सर्वांनी घ्यायला हवा. साहेबांच्या बाजूनं दावा चालवणारे वकीलही तेच सांगत होते. मी खाली बघत बसले होते.

शेवटी अध्यक्षांनी आक्काला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली. मला वाटलं, आता ही खरं सांगणार. कुणी कुणाला कोर्टात ओढलं, किती एसटी बदलल्या, सगळं.

"माझ्या भावानं मला जमीन दिली," आक्का म्हणाली. "समद्यांनी सांगितलं ते खरं हाय. तुमी त्याचा आदर्श घेणार म्हणताय, लय बरं वाटलं. मी आता म्हातारी झाले, पुन्यांदा यायला जमंल न जमंल." तिनं पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश नजर फिरवली. "तर इथं बसलेल्यांत ज्यांनी भनीची सही घेतलीय, त्यांनी जरा हात वर करा. ही बाई हितंच बसलीय, कागद आजच करून देईल."

शोकसभेच्या शेवटी दोन मिनिटं शांतता पाळायची असते. त्या दिवशी ती वेगळी पाळावी लागली नाही.